तूप गावाबाहेर, ताक गावात

वाचकहो, 'चीज' म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना आधी गवयाची चीज आठवते. मुलगा परीक्षेत पहिला आला म्हणजे आईबापांच्या कष्टांचे होते ते दुसरे चीज. दुधाचे घट्ट गोळे करून, त्यांना मीठ चोळून, तळघरातल्या फळ्यांवर महिनोन्‌महिने मुरवतात ते तिसरे चीज मात्र आपल्या घरचे नव्हे. ते आधी पत्र्याच्या डब्यातून आले, मग चौकोनी वड्यांतून आले, आणि आता जळगाव-धुळ्याच्या चौकात सँडविचवाल्याच्या किसणीवर जाऊन बसले आहे. आले ते बाहेरूनच.

यात नवल ते काय, असे आपण म्हणाल. नवल आहे. ते असे, की खानदेश हा मुळात गवळ्यांचा मुलूख. इथल्या बोलीला अहिराणी म्हणतात, ती अहिरांची म्हणून. आणि हीच आपली तापी ७२४ किलोमीटर वाहून जिथे समुद्राला मिळते त्या सुरतेला पनीर होते आहे, तेही पिढ्यान्‌पिढ्या. आपल्या हॉटेलातले नव्हे. मिठाच्या पाण्यात डुंबणारे, परडीचा ठसा अंगावर घेतलेले, खरेखुरे ताजे चीज. नदी तीच, ऊन जवळजवळ तसेच, सुरतेहून जळगाव रेल्वेने तीनशे किलोमीटरच्या आसपास. मग नदीच्या मुखाशी पनीराची परडी आणि मध्यावर तुपाचा बुधला, अशी वाटणी का झाली? हे विचारू लागलो म्हणजे दुधाबरोबर शेती, बाजार आणि शेजारपाजार अशा पुष्कळ गोष्टी हाती लागतात.

आधी हे गवळ्यांचे प्रकरण पाहू. धुळे जिल्ह्यात कावठे नावाचे गाव आहे. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९८० नंतरच्या दशकात उत्खनन केले, तेव्हा इसवी सनापूर्वी २००० च्या आसपासची वस्ती निघाली. जमिनीत खड्डे खणून त्यांवर छपरे घातलेली घरे, आणि वस्तीचा थर पातळ. माणसे वर्षभर एका जागी राहत नसावीत, गुरे घेऊन फिरत असावीत, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. याहूनही जुनी गोष्ट शेजारच्या कच्छातली. कोटडा भडली येथील खापरांत मुरलेल्या स्निग्धांशाची तपासणी २०२० साली प्रसिद्ध झाली. त्या भांड्यांत साडेचार हजार वर्षांपूर्वी दुधाचे पदार्थ शिजत वा साठवले जात होते, असे तीत दिसून आले. तेव्हा पश्चिम भारतात दूधदुभते कालपरवाचे नाही.

पुढे इतिहासकाळात आभीर येतात. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात ईश्वरसेन या आभीर राजाच्या कारकिर्दीतला शिलालेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी निरनिराळ्या श्रेणींकडे पैसे ठेव म्हणून ठेवले, असे त्यात लिहिले आहे. त्या श्रेणींत तेल्यांची श्रेणी आहे. मला हा लेख फार आवडतो, कारण त्यातून कारागिरांची पत दिसते. राज्य गवळ्यांचे, पण आजाऱ्याच्या औषधाचा भरवसा घाण्यावर! खानदेश हे नाव फारुकी राजांच्या 'खान' या किताबावरून आले की 'कान्हा'वरून, यावर विद्वानांचे वाद आहेत. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर आपल्या दानियाल नावाच्या मुलावरून या प्रांताचे नाव 'दानदेश' ठेवले होते, तेही टिकले नाही. गोरगरिबांच्या तोंडी कान्हदेश राहिला. गुराख्याचा देश.

आता अशा देशात दूध फाडून त्याचा गोळा करण्याची विद्या कुणाला ठाऊकच नव्हती, असे म्हणावे काय? सर्वसाधारण समज असा, की आपल्या लोकांना दूध नासणे अशुभ वाटे, म्हणून आपण त्या वाटेला गेलो नाही. या समजात तथ्य आहे. चुलीवरचे दूध फाटले की अजूनही घरातली म्हातारी कपाळाला हात लावते, "दूध नासनं, वं माय!" म्हणून हळहळते. नासणे हा शब्दच पाहा. दुधाचे दही झाले तर ते 'लागले', आणि त्याच दुधाचा चोथा-पाणी झाला तर 'नासले'. एका शब्दात शकुन, दुसऱ्यात अपशकुन.

पण एवढ्यावर थांबू नये. चरकाच्या ग्रंथात 'किलाट' हा शब्द आहे. फाटलेल्या दुधाचा घट्ट भाग असा त्याचा अर्थ. 'पीयूष' म्हणजे नुकत्याच व्यालेल्या जनावराचे दूध. शब्द आहेत त्या अर्थी वस्तू होत्या, आणि वैद्य त्यांचे गुणदोष सांगत त्या अर्थी माणसे त्या खात होती. त्याहून मोठा पुरावा आपल्या दख्खनचाच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास' हा ग्रंथ ११३० च्या सुमाराचा. त्यात राजाच्या मुदपाकखान्याचे प्रकरण आहे. तापलेल्या दुधात आंबट घालावे, ते फाटले म्हणजे फडक्यातून गाळावे, मागे राहिलेल्या चोथ्यात तांदळाचे पीठ मिसळून त्याचे आकार करावेत, तळावेत आणि साखरेत घोळावेत, अशी कृती तो राजा सांगतो. त्या पदार्थाला तो 'क्षीरप्रकार' म्हणतो. पोर्तुगीज बंगालात आले, त्यांनी बंगाल्यांना दूध फाडायला शिकवले आणि तेव्हा भारतात छेन्याचा जन्म झाला, असे आपण नेहमी ऐकतो. त्याच्या कितीतरी आधी दख्खनच्या राजवाड्यात हे चालले होते. तेव्हा विद्या होती. ती गावच्या चुलीपर्यंत पोहोचली नाही, किंवा पोहोचूनही तिथे रमली नाही.

का रमली नाही, याचे पहिले उत्तर गोठ्यात आहे. युरोपातले चीज रेनेटवर उभे आहे. दूध पिणाऱ्या वासराच्या, कोकराच्या किंवा करडाच्या चौथ्या पोटाच्या पडद्यात एक पाचक रस असतो. त्याचा अर्क दुधात घातला की दूध आंबट न होता घट्ट थिजते, चाकूने कापावे असे. त्या पोटाच्या वाळवलेल्या तुकड्याने दूध थिजवायचे म्हणजे आधी ते पिल्लू मारावे लागणार. जिथे दुधाकरिता गायी पाळतात आणि खोंड खाटकाकडे जातात, तिथे असे तुकडे खुंटीला लटकत असतात. खानदेशात गाय दुधासाठी कमी आणि बैलासाठी अधिक. इथली खिल्लार गाय दूध थोडेच देते, पण तिचा खोंड मोटेला, गाडीला, नांगराला जन्मभर पुरतो. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धाने इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि खानदेशच्या काळ्या जमिनीत कपाशीचे पीक सोन्याच्या भावाचे झाले. तेव्हापासून तर बैलाची किंमत आणखीच वाढली. ज्या वासरावर पुढच्या पंधरा वर्षांची शेती उभी आहे, त्याच्या पोटाचा अर्क काढायचा विचार कोणता शेतकरी करील? धर्म होताच, पण धर्माच्या मागे असा खणखणीत हिशेब होता.

बकरी उरते. बकऱ्या कापल्या जात, करडेही कापली जात. साक्री-नंदुरबारकडे ठेलारी मेंढपाळ मेंढरांचे कळप घेऊन अजून फिरतात. युरोपातली नामांकित चिजे, फ्रान्सचे रोकफोर घ्या, स्पेनचे मांचेगो घ्या, मेंढीच्या दुधाचीच आहेत. पण आपल्याकडे मेंढी लोकरीसाठी, मांसासाठी, आणि शेतात बसवायला. तिच्या लेंड्यांच्या खतासाठी शेतकरी धान्य मोजतो. दूध कोकरांच्या पोटात जाते, त्याला बाजार नव्हता.

दुसरे उत्तर बाजारात आहे, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर जातो. अशा हवेत दूध चार तासही धड राहत नाही. त्याला टिकवायचे तर त्यातले पाणी काढले पाहिजे. पाणी काढायच्या वाटा तीन. फाडून गाळावे, म्हणजे पनीर. आटवावे, म्हणजे खवा. आणि तिसरी वाट आपल्या आजीची: विरजावे, घुसळावे, लोणी काढावे, कढवावे. शंभर लिटर म्हशीच्या दुधात साधारण सात किलो स्निग्धांश असतो. तो तुपाच्या रूपाने बुधल्यात बंद केला की न थंड जागेची गरज, न मिठाची. कातड्याचे बुधले बैलगाडीवर टाकून महिनाभराच्या वाटेवर पाठवा, काही बिघडत नाही. कोणते चीज खानदेशच्या उन्हात बैलगाडीवर महिनाभर टिकले असते?

बरे, तूप गेले तरी दुधातला सगळाच कस गेला असे होत नाही. त्याच शंभर लिटरांत सुमारे चार किलो प्रथिने असतात. ती तुपात जात नाहीत, ताकात राहतात. आणि ताक विकायचे नाही, असा आपल्या गावांचा दंडक होता. ज्याच्या घरी दुभते त्याच्या दारी सकाळी लोटा घेऊन शेजारची पोरे उभी. मजूर, न्हावी, सुतार, ज्याला हवे त्याने न्यावे. कळण्याची भाकरी आणि वर लोटाभर ताक, यावर कपाशीच्या वेचण्या होत. तूप गावाबाहेर जाई आणि ताक गावात राही. चीजमध्ये हे घडत नाही. तिथे स्निग्धांश आणि प्रथिनांचा बराचसा भाग एकाच गोळ्यात बांधला जातो, गोळा शहरात जातो, आणि मागे उरते ती हिरवट निवळी. इटलीत पार्माकडे ती डुकरांना पाजतात. आपल्याकडे ती पाजायची कुणाला?

म्हणून खानदेशाने चीज केले नाही, यात मागासलेपण शोधणाऱ्यांशी माझे भांडण आहे. तुपाचा मार्ग गरिबाच्या पदरात अधिक टाकणारा होता. मात्र हेही सांगितले पाहिजे, की लोटा घेऊन दारी उभे राहण्यात एक लाचारी होती, आणि गावात सगळ्यांनाच सगळ्या दारांत उभे राहता येत नव्हते. जुन्या गावाचे गोडवे गाताना हे विसरू नये.

आता सुरतेकडे वळू. वाट जुनीच आहे. सतराव्या शतकात सुरतेच्या बंदरातून आग्र्याला जाणारा एक मोठा रस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा बऱ्हाणपूरला जाई. तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या त्याच वाटेने गेला. नवापूर हे विणकऱ्यांनी भरलेले मोठे गाव आहे आणि तिथला तांदूळ सुगंधी आहे, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याच्या आधी १६१५ मध्ये सर टॉमस रो हा इंग्रज वकील सुरतेहून बऱ्हाणपूरला शहजादा परवेझाच्या भेटीला गेला. तांडे जात, येत. तांदूळ, कापड, मीठ, नीळ, सगळे जाई. पनीर तेवढे सुरतेत राहिले. ते नाजूक, पाण्यात ठेवावे लागणारे, दोन दिवसांत संपवावे लागणारे. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्याची रेल्वे झाली, तरी ते या बाजूला फारसे आले नाही. आजही आपण त्या गाडीने गेलात तर नवापूरच्या स्टेशनावर एक गंमत पाहा. राज्याची हद्द स्टेशनातूनच जाते. फलाटावरच्या एकाच बाकड्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. बाकड्यावर बसून पनीर खाल्ले तर ते कोणत्या राज्यात खाल्ले, याचा निवाडा कोण करणार?

सुरती पनीर पारशांच्या घरांनी सांभाळले. 'टोपली नुं पनीर' असे ते म्हणतात. लग्नात आणि नवजोतीच्या पंगतीत त्याला मान असतो. शब्द फारसी आहे हे तर उघडच. त्याची कृती पाहण्यासारखी आहे आणि ती पाहायची तर पहाटे उठायला हवे. म्हशीचे दूध तापवून कोमट होऊ देतात, आपल्या अंगाच्या उबेपेक्षा किंचित कमी. त्यात थोडे विरजण आणि रेनेट. पूर्वी करडाच्या पोटाचा तुकडा मिठाच्या निवळीत भिजवून तो अर्क घरीच काढत; हल्ली बुरशीपासून काढलेले रेनेट मिळते, त्यामुळे शाकाहारी माणसाचीही अडचण उरली नाही. तासाभरात दूध थिजते. हात लावला तर थरथरते, आपल्या खरवसासारखे. मग पसरट पळीने त्याचे पातळ थर उचलून बांबूच्या चिमुकल्या परड्यांत घालतात; एक थर, वर मिठाची चिमूट, पुन्हा थर. निवळी परडीतून झिरपत राहते. तास-पाऊण तासाने परडी उलटी करून पनीर पुन्हा परडीत ठेवायचे, म्हणजे दोन्ही अंगांना विणीचा ठसा उमटतो. शेवटी त्या गोळ्यांना त्यांच्याच खारवलेल्या निवळीत बुडवून ठेवतात. बारा तासांपासून दीड दिवसापर्यंत, ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीप्रमाणे.

या सगळ्यात यंत्र काही नाही. थर उचलणाऱ्या हाताला कळते की दूध पुरते थिजले की नाही. घाई केली तर चुरा होतो, उशीर केला तर चिवट होते. ज्या बुरुडाने परडी विणली त्याचाही त्यात वाटा आहे. वीण फार घट्ट असेल तर निवळी अडते, सैल असेल तर दूधच वाहून जाते.

आणि चव? पहिल्या घासाला आपण फसतो. हॉटेलातल्या पनीराची सवय असलेली जीभ रबरी तुकड्याची वाट पाहत असते, आणि इथे दाताला काम पडायच्या आतच गोळा विरघळतो. आधी खारट लागते, मग साय लागते, आणि शेवटी ताकासारखी बारीक आंबट आठवण राहते. मसाल्यात ते घालू नये. रस्सा त्याला गिळून टाकील. भाकरीबरोबर मात्र ते छान जमते, विशेषतः ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर. हा माझा खानदेशी हट्ट समजा. पारशी मंडळी पावाबरोबर खातात.

तांडे ज्या गावी मुक्कामाला पोहोचत, त्या बऱ्हाणपूरला वेगळेच चित्र आहे. फारुकींची राजधानी, पुढे मोगलांचे दक्षिणेतले मोठे ठाणे. तिथे फारसी बोलणारे दरबारी होते, पनीर शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यात होता. गाव आता मध्य प्रदेशात असले तरी चव खानदेशचीच. तिथल्या दुधाने आटण्याची वाट धरली. बऱ्हाणपूरची माव्याची जिलेबी आपण खाल्ली असेलच. मैद्याच्या जिलेबीसारखी कुरकुरीत नव्हे, जाड, काळपट तांबूस, मऊ. तिच्यामागे खव्याची भट्टी आहे. लोखंडी कढईत पाच-सहा लिटर दूध उकळत ठेवायचे आणि उलथने क्षणभर थांबू द्यायचे नाही. थांबले की बुडाला लागलेच. धग, धूर आणि खांद्याची रग. पाच लिटर म्हशीच्या दुधाचा जेमतेम किलोभर खवा होतो. या कामाला कुणी कारागिरी म्हणत नाही, मजुरी म्हणतात.

पण एक गोष्ट आपणास सांगतो. नॉर्वेत 'ब्रूनोस्ट' नावाचे तपकिरी चीज असते. चीज करून उरलेली निवळी, तीत साय घालून, तासन्‌तास आटवायची. दुधातली साखर करपून तपकिरी होते आणि वडी पाडता येते. नीट पाहिले तर हा निवळीचा खवाच झाला. मुंबईत 'एलेफ्थेरिया' या नावाने चीज करणाऱ्या एका छोट्या कारखान्याने हे चीज केले आणि २०२१ मध्ये स्पेनमधल्या ओव्हिएदो येथे भरलेल्या जागतिक चीज स्पर्धेत त्याला रौप्यपदक मिळाले. आटवण्याची जी विद्या आपल्या भट्टीवाल्याच्या खांद्यात आहे, तिच्या सख्ख्या बहिणीला परदेशात पदक मिळते, आणि इथे भट्टीवाल्याला जळणाचा खर्च निघण्याची भ्रांत.

खरवसाचेही तसेच. चिकाला ना रेनेट लागते ना लिंबू. त्यातल्या प्रथिनांमुळे ते नुसत्या वाफेवर थिजते. फिनलंडात 'लेइपायुस्तो' नावाचे चीज आहे, ते मुळात अशाच चिकाच्या दुधाचे करीत आणि विस्तवासमोर भाजून घेत. खानदेशी माणसाच्या हाती ते दिले तर तो म्हणेल, "अरे, हा तर भाजलेला खरवस!"

गेल्या साठ-सत्तर वर्षांत काय घडले तेही थोडक्यात सांगतो. आणंदचा कारखाना १९५५ मध्ये सुरू झाला आणि म्हशीच्या दुधाची भुकटी होते, चीजही होते, हे त्यांनी दाखवून दिले. १९७० मध्ये धवलक्रांती सुरू झाली. जळगाव जिल्ह्याचा सहकारी दूध संघ उभा राहिला, गावोगावी संकलन केंद्रे निघाली. शेतकऱ्याच्या हाती दुधाचा रोख पैसा आला, ही लहान गोष्ट नव्हे. पण दूध सकाळीच अख्खेच्या अख्खे गावाबाहेर जाऊ लागले. घुसळण बंद पडली आणि दारातले ताक संपले. वर सांगितलेला सगळा हिशेब तिथेच मोडला. आता तूप करण्यात गावाचा पूर्वीचा लाभ उरला नाही, तेव्हा चीज न करण्याचे जुने कारणही उरले नाही.

आणि पनीर तर येऊन बसलेच आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी खानदेशातल्या लग्नात वांग्याचे भरीत, वरण-बट्टी, फार तर शेवभाजी. आज पनीरची भाजी नसेल तर वरपक्ष नाक मुरडतो. एवढे पनीर येते कोठून? काही दूध संघांचे, काही लहान डेअऱ्यांचे, आणि काही असे, की ज्याचा दुधाशी संबंध नावापुरताच. पामतेल, दुधाची भुकटी आणि पिष्ट यांचा पांढरा ठोकळा पनीर म्हणून खपवला जातो. कायद्याने त्याला पनीर म्हणून विकता येत नाही. ते दुग्धसदृश आहे असे लिहावे लागते. पण भाजीच्या ताटाला कुठले लेबल! खऱ्या पनीराला किलोमागे म्हशीचे पाचेक लिटर दूध लागते. ठोकळ्याचा भाव त्या दुधाच्या किमतीहूनही कमी असला, तर त्यात काय असेल ते आपणच ताडावे. तुकडा पाण्यात उकळून गार करा आणि टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. निळेजांभळे झाले तर त्यात पीठ आहे.

यात मार खातो तो खरे पनीर करणारा. पाच-दहा म्हशी, सकाळ-संध्याकाळचे दूध, घरच्या बाईने फडक्यात बांधून दगडाखाली दाबलेला गोळा. त्याची किंमत त्या ठोकळ्याशी लावली जाते. म्हणून माझे आपणास सांगणे आहे, की असे घर आपल्या तालुक्यात शोधा आणि तिथे एकदा जा. धुण्याची जागा पाहा, फडके हुंगून पाहा, निवळीचे काय करतात ते विचारा. निवळीत पीठ मळणारी बाई असेल तर तिच्याकडून घ्या; तिला दुधाचा थेंबही वाया घालवायचा नाही. गोळा आणल्यावर त्याचा अर्धा भाग त्याच निवळीत मीठ घालून रात्रभर ठेवा, आणि सकाळी नुसताच, भाजी न करता, खाऊन पाहा. हे सुरती नव्हे, कारण ते रेनेटचे आणि हे लिंबाचे किंवा आंबट निवळीचे. ते विरघळते आणि हे किंचित करकरते. पण म्हशीने काय खाल्ले होते, सरकी की हिरवा कडबा, हे त्या चवीत कळू लागते.

आणि सुरतेला जायचे झाले तर हिवाळ्यात जा. बरोबर झाकणाचा स्टीलचा डबा न्या. पनीर घेताना विक्रेता निवळी काढून देऊ लागेल, त्याला थांबवा आणि निवळीसकट डब्यात भरून मागा. थंडीचे दिवस असले तर ते घरी येईपर्यंत राहते. दुसऱ्या दिवशी मात्र संपवून टाकायचे.